मार्चमध्ये कापलेली नदी

युक्कासयार्वीच्या बर्फ-प्रदर्शनाची दारं डिसेंबरात उघडतात, पण त्याचं पहिलं काम आदल्या मार्चमध्येच उरकलेलं असतं. तेव्हा टोर्ने नदी गोठून तिच्यावर जवळजवळ मीटरभर जाडीचा बर्फ धरलेला असतो. तो आखून, यंत्राच्या करवतीनं कापून, दोन-दोन टनांचे ठोकळे काठावर उचलतात आणि मोठ्या शीतगृहात थरावर थर रचून ठेवतात. उन्हाळाभर त्यांचा मुक्काम तिथेच. नोव्हेंबरात देशोदेशींचे कलाकार येतात, तेव्हा त्यांच्या हाती पडतो तो सरल्या हिवाळ्याचा बर्फ. स्वीडनच्या अगदी उत्तरेला, किरुना शहरापासून सतरा किलोमीटरवर हे खेडं आहे. उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर जवळपास दीडशे किलोमीटर. मी मुद्दाम नोव्हेंबरच्या अखेरीस गेलो, कारण मला मांडून झालेल्या प्रदर्शनापेक्षा त्याची मांडामांड बघायची होती.

आमचं सांगवी बारामती-फलटण रस्त्यावर, नीरेच्या डाव्या काठाला. इथे बर्फ म्हणजे लादी. लग्नसराईत गोणपाटात गुंडाळून, वर भुसा दाबून टेम्पोतून येणारी. महाशिवरात्रीला कुठे बर्फाची पिंड उभी करतात, गणपतीत एखादं मंडळ अमरनाथचा देखावा करतं, तेव्हाही हीच लादी. ती सुव्यानं फोडताना सगळ्यांनी पाहिलेलं असतं की कडेला बर्फ काचेसारखा आणि मधोमध पांढरा, धुरकट गाभा. हा गाभा का येतो हे कळलं की युक्कासयार्वीचं निम्मं रहस्य उलगडतं.

कारखान्यात पाण्यानं भरलेले पत्र्याचे डबे मिठाच्या थंडगार पाण्यात बुडवून ठेवतात. थंडी चारी बाजूंनी आत शिरते, म्हणून बर्फ कडेकडून मध्याकडे धरत जातो. पाणी गोठताना त्यात विरघळलेली हवा आणि क्षार यांना स्फटिकात जागा मिळत नाही; ते पुढे ढकलले जातात आणि शेवटी मधल्या उरलेल्या पाण्यात कोंडतात. तोच पांढरा गाभा. चांगल्या कारखान्यात डब्यात नळी सोडून हवेनं पाणी हलतं ठेवतात, शेवटी गाभ्यातलं गढूळ पाणी उपसून ताजं भरतात, तरी खूण राहतेच. नदीचं तसं नाही. तिथे थंडी फक्त वरून येते. बर्फ वरून खाली धरत जातो आणि खालचं वाहतं पाणी हवेचे बुडबुडे, गाळ, क्षार सगळं वाहून नेतं. वर पडलेला भुसभुशीत हिम मात्र दुलईचं काम करतो, थंडी खाली जाऊ देत नाही. म्हणून कापणीच्या पट्ट्यावरचा हिम माणसं हिवाळाभर यंत्रानं हटवत राहतात. बर्फ जाड आणि नितळ व्हावा म्हणून केलेली ती मशागतच.

आणि नदी वाहती असावी लागते. टोर्ने, कालिक्स, पीते आणि विन्देल या चार नद्यांवर जलविद्युत धरणं बांधायची नाहीत, असं स्वीडननं कायद्यानं ठरवून टाकलं आहे. टोर्नेत्रेस्क सरोवरातून निघालेली टोर्ने पाचशेहून अधिक किलोमीटर वाहून बोथनियाच्या आखाताला मिळते. आमच्या सांगवीच्या भागात नदी म्हणजे भाटघर, वीर आणि १८८५ साली सुरू झालेला नीरा डावा कालवा. त्या कालव्यानं बारामती-इंदापूरचा ऊस उभा केला, तेव्हा धरणाला नावं ठेवायचं मला काही कारण नाही. पण पाण्याला अडवलं नाही तर त्यातून काय पिकतं, हे मी टोर्नेच्या काठी पाहिलं.

माझा भाचा स्वीडनमधल्याच लुलेओ शहरात शिकतो. त्याच्याकडे उतरून आम्ही दोघं रेल्वेनं निघालो. ही लोखंडाची वाट: किरुनाचं खनिज याच रुळांवरून एकीकडे नॉर्वेच्या नार्विक बंदराला आणि दुसरीकडे लुलेओकडे जातं. वाटेत आमच्या गाडीला थांबवून मालगाडी पुढे काढली, तिच्या वाघिणी संपता संपेनात. चारेक तासांत खिडकीबाहेर बर्च आणि स्प्रूसची झाडं ठेंगणी होत गेली. किरुना शहर स्वतःच सध्या जागा बदलतं आहे, कारण खालच्या खाणीमुळे जमीन खचते. १९१२ सालचं लाकडी चर्च ऑगस्ट २०२५मध्ये अख्खंच्या अख्खं चाकांवर चढवून पाच किलोमीटर दूर नेलं. त्या भागातल्या माणसांना अवजड वस्तू जपून हलवण्याची सवय आहे, याचा अर्थ मला पुढे उमगला.

युक्कासयार्वीत उजाडलं दहाच्या सुमाराला. एक वाजून गेला की सूर्य कलतो, आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून सुमारे तीन आठवडे तो क्षितिजावर येतच नाही. म्हणजे काम सगळं दिव्याच्या उजेडात. बाहेर उणे वीसच्या आसपास. “मामा, हातमोजे काढू नका, फोन आतल्या खिशात ठेवा,” भाच्यानं बजावलं. थंडीत बॅटरी बघता बघता उतरते, कॅमेरा अंगाशी धरून न्यावा लागतो. त्याचा एक वर्गमित्र त्या हंगामात बर्फ वाहणाऱ्या तुकडीत कामाला होता, त्याच्या ओळखीनं आम्हाला बांधकामाच्या बाजूला उभं राहायला मिळालं.

या सगळ्याची सुरुवात छोटी होती. १९८९ साली जपानी बर्फशिल्पी इथे आले आणि त्यांनी बर्फ कोरून दाखवला. हा प्रदेश तोवर उन्हाळी पाहुण्यांचा: नदी, मासेमारी, मध्यरात्रीचा सूर्य. हिवाळ्यात कोण कशाला येईल असंच सगळ्यांना वाटायचं. १९९०च्या वसंतात फ्रेंच कलाकार जानो देरीद यांचं प्रदर्शन भरलं ते नदीवरच उभारलेल्या नळकांड्याच्या आकाराच्या हिमघरात. त्या वेळी गावात मुक्कामाला खोल्या उरल्या नाहीत, तेव्हा काही पाहुण्यांनी प्रदर्शनाच्या दालनातच झोपू द्या म्हणून विनंती केली. रेनडिअरची कातडी अंथरून, झोपपिशवीत शिरून त्यांनी रात्र काढली. त्यातून आजचं आइसहोटेल निघालं. हॉटेल आधी आणि सजावट नंतर, असं ते घडलेलं नाही. आधी कलादालन होतं, त्यात माणसं झोपली. आजही इथल्या खोल्यांकडे मी मुक्कामाची जागा म्हणून बघत नाही. प्रत्येक खोली हे एक शिल्प आहे आणि त्यात आत शिरता येतं, एवढंच.

पहिल्यांदा उभी राहतात ती भिंत आणि छत. त्यासाठी नितळ बर्फ वापरत नाहीत. तोफेसारख्या यंत्रातून नदीचं पाणी थंड हवेत फवारून घट्ट हिम तयार करतात, त्याला तिथे स्निस म्हणतात. पडलेल्या हिमापेक्षा तो जड आणि टिकाऊ. कमानीच्या आकाराचे लोखंडी साचे लावतात, आपल्याकडे स्लॅबला सेंटरिंग लावतात तसेच, आणि त्यांच्यावर स्निस फवारत जातात. दोनेक दिवसांत तो आवळून बसला की साचा ओढून काढतात, पुढे सरकवतात. कमानीचा आकार उगाच नाही. हिमाला दाब सोसवतो, ताण सोसवत नाही. सपाट छत घातलं तर ते मधोमध वाकून फाटेल. साखळी दोन टोकांना धरून लोंबकळत सोडली की जी रेषा होते ती उलटी केली, तर तिच्यात ताण उरत नाही, फक्त दाब. तीच इथली कमान. तरीही हिम जिवंत असल्यागत वागतो: स्वतःच्या वजनानं तो हळूहळू बसत जातो, हिवाळ्याअखेर छत सुरुवातीपेक्षा खाली आलेलं असतं. म्हणून कोरणाऱ्यानं उंच वस्तू छताला टेकवून ठेवायची नाही, वर जागा सोडायची.

अशा रिकाम्या पांढऱ्या खोल्या तयार झाल्या की कलाकारांचा प्रवेश होतो. दरवर्षी जगभरातून अर्ज येतात, त्यांतून पंधराच्या आसपास कल्पना निवडतात. बहुतेक खोल्यांना दोघांची जोडी असते, आणि हातात साधारण दोन आठवडे. यातले कित्येक जण बर्फाला पहिल्यांदाच हात लावत असतात. कुणी वास्तुकार, कुणी चित्रकार, कुणी नाटकाचं नेपथ्य करणारा. त्यांच्या मागे उभी असते ती मुक्कामी तुकडी: ठोकळे आणून देणारे, चेनसॉ चालवणारे, उजेडाची वायर भिंतीत लपवणारे तंत्रज्ञ. मला त्या गावातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही वाटली. कल्पना आणणारी माणसं वेगळी, बर्फाची नाडी जाणणारी वेगळी, आणि दोघांना एकमेकांची गरज आहे हे दोघंही मान्य करून चालतात.

मी ज्या खोलीशी जास्त वेळ थांबलो तिथे एक बाई आणि एक गृहस्थ काम करत होते. बाई मूळची लाकूडकाम करणारी, हे तिच्या पटाशी धरण्यावरून लगेच कळलं. वाऱ्यानं एका बाजूला झुकलेलं गवत, अशी त्यांची कल्पना. पुरुषभर उंचीच्या बर्फाच्या पात्यांचा ताटवा, आणि त्यातून वाकडी वाट काढत पलंगापर्यंत जायचं. ठोकळ्यातून आधी चेनसॉनं जाड फळ्या पाडलेल्या होत्या. बाई त्यांतून पात्याची कड काढत होती. जपानी घडणीची रुंद पटाशी, धार इतकी की बर्फ फुटत नव्हता, त्याची साल निघत होती. गृहस्थ मागून ब्रशनं कीस झाडत होता, कारण झाडला नाही तर तो कीस तिथेच पुन्हा धरतो आणि कड जाड होते.

मग पातं खालच्या चौथऱ्यावर बसवायचं. दोन बर्फांना जोडायला गोंद लागत नाही, पाणीच लागतं. पण जोडायचे दोन्ही पृष्ठभाग तंतोतंत सपाट हवेत. त्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचा जाड पत्रा गरम केलेला. त्यावर आधी चौथऱ्याचा तुकडा टेकवला, मग पात्याचं बूड. दोन्हीकडून पाण्याचा पातळ थर सुटला. पत्रा बाजूला, पातं चौथऱ्यावर, ओळंब्यानं कोन बघून दोघांनी ते हलू न देता धरून ठेवलं. कोणी बोलत नव्हतं. थोड्या वेळानं गृहस्थानं हात सोडला, बाईनं अजून धरून ठेवला, मग तिनंही सोडला. सांधा शोधला तरी दिसेना. करवतीनं पांढरट झालेल्या बाजूवर शेवटी घरातली साधी इस्त्री हलकेच फिरवली, आणि तिच्यामागे बर्फ पुन्हा काचेसारखा होत गेला.

तिथल्या कामगारानं एक गोष्ट समजावली ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. आतलं तापमान उणे पाच ते उणे आठ ठेवतात, ते पाहुण्यांसाठी जितकं तितकंच बर्फासाठी. बाहेरचा उणे वीसचा ठोकळा आत आणून लगेच पटाशी लावली तर तो ठिसूळ असतो, कोपरे उडतात; त्यावर गरम पत्रा टेकवला तर तडकतो. म्हणून ठोकळा खोलीत आणून काही काळ नुसता ठेवायचा, आतल्या हवेशी त्याची ओळख होऊ द्यायची. घाई असली तरी ही वेळ कुणी वाचवत नाही. एका घनमीटर बर्फाचं वजन नऊशे किलोच्या वर भरतं; असा ठोकळा मध्येच दुभंगला तर कला बाजूलाच राहते, माणूस जायबंदी होतो.

उजेडाचा धडाही वेगळाच. नितळ बर्फातून प्रकाश आरपार निघून जातो, त्यामुळे गुळगुळीत ठोकळ्यामागे दिवा लावला तर ठोकळा दिसतच नाही, दिवा दिसतो. प्रकाश अडतो तो कडेला, खाचेत, बुडबुड्याच्या रेघेत. म्हणून पुष्कळदा बर्फ मागच्या बाजूनं कोरतात: समोरून हात फिरवला तर सपाट, आणि आत खोल कुठेतरी रेषा उजळलेली. दिवे एलईडीचे, उष्णता नगण्य. बाकी रंग मी कमीच पाहिले, आणि तेच योग्य वाटलं. नदीच्या बर्फाला स्वतःचा एक फिकट निळा-हिरवा रंग असतो, तो जाडीबरोबर गडद होतो. त्यावर जांभळा-गुलाबी प्रकाश मारला की लग्नाच्या स्टेजची कळा येते.

जगात यापेक्षा अवाढव्य बर्फकाम होतं. चीनच्या हार्बिनला सोंगहुआ नदीचा बर्फ डिसेंबरात कापून हजारो कामगार अक्षरशः नगर उभं करतात. तिथे १९६३ साली बर्फाच्या कंदिलांच्या जत्रेपासून सुरुवात झाली आणि १९८५पासून दरवर्षी महोत्सव भरतो. जपानमध्ये साप्पोरोचा हिममहोत्सव १९५० साली शाळकरी मुलांनी ओदोरी उद्यानात केलेल्या सहा हिममूर्तींपासून वाढला. आणि त्याही आधी, १७४०च्या हिवाळ्यात, रशियाच्या सम्राज्ञी आन्ना इवानोव्नानं सेंट पीटर्सबर्गला नेवा नदीच्या बर्फाचा राजवाडा बांधवला होता. त्याचे नकाशे आणि वर्णन गेओर्ग क्राफ्ट या शास्त्रज्ञानं छापून ठेवलं, म्हणून बर्फाचे ठोकळे पाण्यानं सांधण्याची रीत तेव्हाही हीच होती हे आपल्याला ठाऊक आहे. हार्बिन पाहून माणूस दिपतो. युक्कासयार्वीत मात्र एका पात्याला चार हात कसे लागतात, हे हाताच्या अंतरावरून बघता येतं, आणि शिकायचं असेल तर तेच हवं.

नदी-तळ्याचा कापलेला बर्फ मराठी मुलखाला अगदीच परका नाही. १८३०च्या दशकात बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनं अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ भुशात पॅक करून जहाजानं हिंदुस्थानात आणायला सुरुवात केली. पहिलं जहाज १८३३मध्ये कलकत्त्याला लागलं. चार महिने समुद्रावर, विषुववृत्त दोनदा ओलांडून, तरी निम्म्याहून जास्त माल शाबूत उतरला. पाठोपाठ मुंबईलाही बर्फ येऊ लागला आणि कोटात त्याच्यासाठी बर्फघर बांधलं गेलं. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी घरच्या मेजवानीत आइस्क्रीम वाढलं ते याच बर्फाच्या जोरावर. एक किलो शून्य अंशाचा बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेनं एक किलो पाणी शून्यावरून ऐंशी अंशांपर्यंत तापेल. बर्फ दिसतो नाजूक, पण रचून, झाकून, वारा लागू न देता ठेवला तर फार चिवट आहे. टोर्नेचे ठोकळे नोव्हेंबरपर्यंत टिकतात यात तेच भौतिकशास्त्र आहे, शीतगृहाची मदत धरून.

२०१६पासून तिथे वर्षभर उघडी राहणारी एक इमारतही आहे. तिच्या आतला बर्फ उन्हाळ्यात थंड ठेवायला सौर पॅनेल आहेत, आणि मध्यरात्रीही सूर्य न मावळणाऱ्या त्या दिवसांत ती पॅनेलं चोवीस तास काम करतात. हिवाळी भाग मात्र वसंतात वितळून जातो. एखाद्या वर्षी गाजलेली खोली पुन्हा तशीच करा, असा आग्रह तिथे कुणी धरत नाही.

गावाच्या टोकाला लाकडी चर्च आहे. त्याची सुरुवात १६०७-०८ची, लॅपलँडमधलं सगळ्यात जुनं उभं चर्च. हे ठिकाण त्याआधीपासून सामी लोकांच्या बाजारहाटाचं. चर्चमध्ये वेदीमागे ब्रूर योर्थ या शिल्पकाराचं १९५८चं रंगीत उठावचित्र आहे, सागवानात कोरलेलं. ध्रुववृत्ताच्या वर सागवान बघून मला भरून आलं. धर्मोपदेशक लेस्तादियस, दारूचं पिंप फोडणारा माणूस, एकमेकांची क्षमा मागणारी साधी माणसं. सगळं ठसठशीत, न लाजता केलेलं काम. बर्फाच्या खोल्यांवर तासन्‌तास घालवणाऱ्यांनी ही पंधरा मिनिटं चुकवू नयेत.

परतताना गाडीत भाच्याशी बोलणं झालं ते आपल्याकडच्या कारागिरांबद्दल. शाडूची मूर्ती करणारा, थर्माकोल बंद झाल्यावर कागद-बांबूवर गेलेला नेपथ्यकार, सागवानावर नक्षी काढणारा सुतार, यांना बर्फ जड जाणार नाही, अशी माझी पक्की खात्री झाली आहे. घरबसल्या सरावही होईल. मोठ्या हॉटेलांत बर्फशिल्पासाठी जी यंत्रं वापरतात ती पाणी खालून गोठवतात आणि वरचं पाणी छोट्या पंपानं हलतं ठेवतात; तीनेक दिवसांत बिनगाभ्याची नितळ लादी मिळते. नदी वरून गोठते, यंत्र खालून, तत्त्व एकच. तेही परवडत नसेल तर कारखान्याच्या लादीचा गाभा कापून टाकून कडेच्या नितळ पट्ट्यांवर हात बसवता येतो. धारदार पटाशी, कीस झाडायला ब्रश, सांध्याला गरम पत्रा आणि पहाटेची वेळ.

युक्कासयार्वीच्या अर्जात बर्फाचा पूर्वानुभव ही अट नाही. खोलीची कल्पना, तिचे आराखडे आणि आजवरच्या कामाचे नमुने पाठवायचे असतात, आणि शक्यतो दोघांनी मिळून अर्ज करायचा. निवड झाली की बर्फ तिथे तयार असतोच. सांगवीतला आमचा एक मूर्तिकार मित्र आणि त्याचा धाकटा भाऊ सध्या एक आराखडा करतायत: कालव्याच्या दाऱ्यावर बसून पाणी बघणारा माणूस, खोलीभर पाणी आणि त्यात त्याच्या पाठीमागचा ऊस. पाण्याच्या लाटा मागून कोरायच्या की पुढून, यावर दोघांचा वाद चालू आहे.